वाचक विचारतात : बायबल कुणी बांधलं?

मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं, की आमच्या घरात दोन बायबलं आहेत आणि दोन्हींच्या अनुक्रमणिका जुळत नाहीत. माझ्या बायबलात ६६ पुस्तकं, वसईहून आलेल्या आमच्या सूनबाईंच्या बायबलात ७३. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. नव्या वाचकांना माझी ओळख करून देते. मी नगरची, मिशनच्या वातावरणात वाढलेली. एका धर्मशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात ३१ वर्षं होते. पुस्तकांची देवघेव कमी, फाटलेली पुस्तकं शिवणं जास्त. माझी उत्तरं पंडिताची नाहीत, जुजबंदी करणाऱ्या बाईची आहेत, एवढं धरून वाचा.

नाशिकचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विचारतो : मित्र म्हणतो, ३२५ साली निकेयाच्या परिषदेत कॉन्स्टन्टाइन सम्राटाने मतदान घेऊन चार शुभवर्तमानं (येशूचं जीवन सांगणारी पुस्तकं) ठेवली आणि बाकीची जाळली. हे खरं का?

नाही. निकेया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. तिथे जमलेल्या बिशपांचं मुख्य भांडण होतं अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून : पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याइतकाच अनादी, की पित्याने निर्माण केलेला? दुसरा तंटा ईस्टरच्या तारखेचा. परिषदेने केलेले २० नियम आजही वाचायला मिळतात. बिशपांनी एका गावातून दुसऱ्या गावी उड्या मारू नयेत, धर्मसेवकांनी व्याजबट्टा करू नये, रविवारी गुडघे टेकू नयेत, उभ्याने प्रार्थना करावी. इतकं बारीकसारीक आहे, पण पुस्तकांच्या यादीचा नियम त्यात नाही.

मग ही गोष्ट निघाली कुठून? नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका ग्रीक संकलनात एक चमत्कार सांगितलाय. सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली, प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेअरने या कथेची यथेच्छ टिंगल केली, आणि टिंगलीच्या पाठीवर बसूनच ती युरोपभर फिरली. अलीकडे एका गाजलेल्या कादंबरीने चमत्कार काढून त्या जागी सम्राट बसवला. तुझ्या मित्राकडे ती बहुधा याच वाटेने आली असणार.

कॉन्स्टन्टाइनने पुस्तकांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नक्की केली, आणि ती मला त्या चमत्कारापेक्षा जास्त आवडते. ३३१च्या सुमारास त्याने कैसरियाचे बिशप युसेबियस यांना पत्र लिहून पवित्र शास्त्राच्या ५० प्रती मागवल्या. चर्मपत्र चांगलं हवं, अक्षर सुवाच्य हवं, हाताळायला सोपं हवं, आणि प्रती पोचवायला सरकारी गाड्या दोन मिळतील. ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाची भाषा आहे ही! त्या प्रतींत कोणकोणती पुस्तकं घालायची, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. ते युसेबियसना ठाऊक आहे, असंच त्याने धरलेलं दिसतं.

लातूरहून वाचनगट चालवणाऱ्या एक बाई लिहितात : निकेयात ठरलं नाही, तर ठरलं कुठे? पहिली यादी कुणी केली?

बाई, कुणीतरी कुठेतरी बसून हे ठरवलं असणार, असं तुम्ही प्रश्नातच धरून चालला आहात. मीही बरीच वर्षं तसंच धरून होते. पण आधी वाचन आलं, वाचनातून गठ्ठे झाले, गठ्ठ्यांची पुस्तकं झाली, आणि यादी सगळ्यांच्या मागून धापा टाकत आली.

नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागातलं, बहुधा सर्वांत जुनं लिखाण म्हणजे प्रेषित पौलाने इ. स. ५०च्या आसपास थेस्सलनीका इथल्या मंडळीला (गावच्या ख्रिस्ती समाजाला) लिहिलेलं पत्र. शुभवर्तमानं त्यानंतरची. मार्कचं ७०च्या सुमाराचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि ही पत्रं म्हणजे खरोखरची पत्रं. पौल सांगणार, लेखनिक लिहिणार. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात शेवटी तो लेखनिक मध्येच डोकावतो : हे पत्र लिहून घेणारा मी तर्तियस, माझाही सलाम घ्या. गलतीकरांना पौल म्हणतो, बघा, केवढ्या मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. आपण 'शास्त्र' लिहितो आहोत, असं तर्तियसच्या स्वप्नातही आलं नसेल.

कलस्सैकरांना पाठवलेल्या पत्रात एक साधीशी सूचना आहे. हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत वाचायला द्या, आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. संकलनाचा उगम मला तरी इथेच दिसतो. शेजारच्या गावाशी केलेली देवघेव! लावदिकीयाचं ते पत्र आपल्यापर्यंत पोचलंच नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो, 'मी तुम्हांला मागच्या पत्रात लिहिलं होतं.' ते मागचं पत्रही गेलं. म्हणजे ज्याला आपण 'पहिलं' म्हणतो, ते पहिलं नाहीच.

पुढे पौलाच्या पत्रांचा गठ्ठा झाला. तुमच्या बायबलात ती तारखेनुसार लावली आहेत असं समजू नका. मंडळ्यांना लिहिलेली आधी, व्यक्तींना लिहिलेली नंतर, आणि दोन्हींत साधारणपणे लांब पत्र पुढे, आखूड मागे. रोमकरांस सर्वांत मोठं म्हणून अग्रभागी, आणि २५ ओव्यांचं फिलेमोन शेपटाला. मी शिवणकाम शिकले तेव्हा आमचे उस्ताद सुटी चोपडी अशीच लावायचे, जाड खाली आणि बारीक वर. हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी एकटीच हसले होते.

यादीच म्हणाल, तर जिच्याबद्दल खात्रीने बोलता येतं अशी पहिली ठाम यादी एका बहिष्कृत माणसाची आहे. मार्कियन. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा, जहाजांचा मालक, पैसेवाला. रोमला आला, मंडळीला २,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) देणगी दिली. त्याचं म्हणणं असं, की जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. म्हणून जुना करार सगळाच बाद, आणि उरलं काय, तर काटछाट केलेलं लूक आणि पौलाची दहा पत्रं. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि देणगीही परत केली. (हे शेवटचं मी आमच्या मंडळीच्या खजिनदारांना एकदा ऐकवलं होतं. ते काही बोलले नाहीत.) मार्कियनने चुकीची का होईना, रेघ ओढल्यावर बाकीच्यांना आपली रेघ कुठे आहे ते सांगणं भाग पडलं.

१८०च्या सुमारास लियोंचे बिशप इरेनियस छातीठोक सांगतात, शुभवर्तमानं चारच. कारण? दिशा चार, वारे चार. आता हा काही पुरावा नव्हे. पण वकील असला कमजोर मुद्दा केव्हा काढतो? निकाल आधीच लागलेला असतो तेव्हा. चार शुभवर्तमानं तोवर त्यांच्याकडे रुळलेली होती, इरेनियस त्या रुळलेल्या गोष्टीला शोभा आणत होते, असं माझं मत.

सगळीकडे इतकी खात्री नव्हती, हे सेरापियन यांच्या किश्श्यावरून कळतं. हे अंत्युखियाचे बिशप, २००च्या आगेमागे. त्यांच्या हाताखालच्या ऱ्होसस गावात 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचायचं की नाही यावरून कुरबुर झाली. सेरापियन तिथे गेले, पुस्तक न वाचताच म्हणाले, एवढ्यावरून वाद होत असेल तर वाचा बापडे. परत आल्यावर पुस्तक उसनं मिळवून नीट वाचलं, आणि गावाला कळवलं : बरंचसं ठीक आहे, पण काही गोष्टी घुसडलेल्या आहेत, मी परत येतोय. न वाचता परवानगी दिली, हे स्वतःच लिहून ठेवणारा अधिकारी मला फार थोर वाटतो.

मिलानच्या ग्रंथालयात एका जुन्या हस्तलिखितात ८५ ओळींचा एक लॅटिन तुकडा सापडला. मुरातोरी या विद्वानाने तो १७४० मध्ये छापला. सुरुवात फाटलेली, अर्ध्या वाक्यापासून मजकूर चालू, आणि लगेच 'तिसरं शुभवर्तमान लूकचं'. पहिली दोन कोणती, हे सांगायला नकोच. हा मजकूर मुळात किती जुना यावर वाद आहे. त्यात 'इब्री लोकांस' आणि 'याकोब' ही पत्रं नाहीत. 'हर्मासचा मेंढपाळ' नावाच्या लोकप्रिय पुस्तकाबद्दल तो म्हणतो, हे अगदी अलीकडे लिहिलेलं, घरी खुशाल वाचा, पण उपासनेत प्रेषितांच्या लिखाणाबरोबर वाचू नका. मोठ्याने सगळ्यांसमोर काय वाचायचं, एवढाच मुळात प्रश्न होता. घरी काय वाचता, यावर पहारा नव्हता.

आता ३०३ सालचा एक दिवस सांगते. एवढ्या जवळून दिसणारं दुसरं काही मला या सगळ्या विषयात सापडलेलं नाही. डायोक्लेशन बादशहाचा हुकूम निघाला होता, की ख्रिस्ती लोकांची शास्त्रं जप्त करून जाळा. उत्तर आफ्रिकेतलं कीर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टन्टाइन शहर. १९ मे रोजी शहराचा अधिकारी कारकून घेऊन मंडळीच्या घरात शिरला. त्या झडतीचा पंचनामा टिकून राहिलाय. आधी भांडीकुंडी. मग कपडे : बायकांचे अंगरखे ८२, बायकांचे जोडे ४७. ही दानधर्मासाठी ठेवलेली वस्त्रं असावीत. मग ग्रंथालय. तिथली कपाटं रिकामी! एका उपसेवकाने एक भलंमोठं पुस्तक आणून दिलं. 'एकच का?' 'आम्ही उपसेवक. पुस्तकं वाचकांकडे असतात.' (वाचक म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणारे.) 'वाचकांची नावं सांगा.' 'आम्ही फितूर नाही, हवं तर मारून टाका.' पण कारकुनांनाच घरं ठाऊक होती. मग दारोदार वरात निघाली. एकाने चार पुस्तकं दिली, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने आठ, पुढच्याने पाच मोठी आणि दोन छोटी. व्हिक्टर नावाच्या शाळामास्तरने दोन पुस्तकं आणि चार सुटे जुज (शिवण्याआधीच्या दुमडलेल्या पानांच्या जुड्या) दिले. 'तुझ्याकडे जास्त आहेत.' 'असते तर दिले असते.' कोदेओ नावाचा माणूस घरी नव्हता, तर त्याच्या बायकोने सहा आणून दिली.

त्या शाळामास्तरचे चार सुटे जुज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. न शिवलेले, पुठ्ठा न चढवलेले. ३०३ साली 'बायबल' नावाची एक वस्तू त्या गावात नव्हती. सहा-सात घरांत विखुरलेली तिसेक पुस्तकं होती, आणि प्रत्येक वाचकाला रात्री झोपताना माहीत होतं, आपल्या उशाशी काय आहे. अशा वेळी कोणतं पुस्तक सोजिरांच्या हाती द्यायचं आणि कोणत्यासाठी मान द्यायची, हे ज्याचं त्याला ठरवावं लागलं. देणाऱ्यांना पुढे 'सोपवणारे' अशी शिवीच पडली आणि त्यावरून आफ्रिकेतली मंडळी शंभर वर्षं दुभंगली. पुस्तकांची यादी करायची निकड पुढच्या पिढ्यांना का वाटली, ते मला यातून थोडंफार कळतं.

बाकीचं पटकन सांगते. युसेबियसनी ३२५च्या सुमारास वाटणी केली : सर्वमान्य, वादग्रस्त आणि बनावट. वादग्रस्तांत याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं व तिसरं, ही पत्रं. नव्या कराराचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, ते कुठे टाकावं हे त्यांनाच कळेना. त्यांनी ते सर्वमान्यांतही लिहिलं आणि बनावटांतही, दोन्हीकडे 'कुणाला वाटलं तर' अशी पुस्ती जोडून. मग ३६७ साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांचं पत्र आलं. अलेक्झांड्रियाहून दरवर्षी ईस्टरची तारीख कळवणारं पत्र निघायचं, त्यातलं हे ३९वं. त्या पत्रात आपली आजची २७ पुस्तकं, ना एक कमी ना एक जास्त, आपल्याला माहीत असलेल्या याद्यांत पहिल्यांदा येतात. 'मेंढपाळ' नवशिक्यांना वाचायला चांगलं, असंही तिथे म्हटलंय. पुढे ३९३ साली हिप्पो आणि ३९७ साली कार्थेज इथल्या सभांनी तीच २७ पुस्तकं मान्य केली. दोन्ही आफ्रिकेतल्या प्रांतिक सभा, साऱ्या जगाच्या नव्हेत.

तेव्हा तुमच्या वाचनगटाला एका नावात उत्तर हवं असेल तर अथनासियस सांगा. पण सीरियाई मंडळ्यांच्या पूर्वीच्या काळातल्या नव्या करारात २२च पुस्तकं होती, प्रकटीकरण नव्हतं. आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रकटीकरण मान्य असूनही उपासनेच्या वाचनांत आजतागायत येत नाही, हेही जोडून सांगा.

पालघर जिल्ह्यातून एक तरुणी : माझं लग्न ठरलंय. मी कॅथलिक, तो प्रोटेस्टंट. त्याची आई म्हणते, तुमच्या बायबलात सात पुस्तकं घुसवलेली आहेत. माझे पपा म्हणतात, त्यांनी सात काढून टाकली. कोण बरोबर?

मुली, आधी माझी फजिती ऐक. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक जाडजूड इंग्रजी बायबल दुरुस्तीला आलं. पाठ तुटलेली, पानं सुटी. मी आजीच्या बायबलाचा क्रम तोंडपाठ धरून पानं लावायला बसले. नहेम्या झाला, आता एस्तेर यायला हवी, तर पुढे कोण एक तोबित, मग यहूदीथ. मी म्हटलं, दुसऱ्याच पुस्तकाची पानं मिसळली असणार. बाजूला काढून ठेवली. पुढे मक्काबी आले, तेही बाजूला. चांगला बोटभर गठ्ठा झाला. संध्याकाळी नहेम्याचं शेवटचं पान सहज उलटलं, तर त्याच पानाच्या पाठीवर तोबित सुरू! पानांचे आकडे बघायचे सोडून मी आजीवर विसंबले होते. तुझी होणारी सासू आणि तुझे पपा, दोघंही तेच करताहेत.

झालं असं. येशूच्या आधीच्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या यहुदी लोकांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये नेली. तोरा (मोशेची पाच पुस्तकं) इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, बाकीची हळूहळू. त्या ग्रीक पुस्तकांच्या सोबतीत तोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, सिराक आणि बारूख ही वावरत होती. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची भाषा ग्रीक, त्यांनी ती वाचली. यहुदी धर्मगुरूंनी मात्र जी यादी धरली तिच्यात ही सात नाहीत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम नावाचा विद्वान बेथलेहेमला राहून, इब्री शिकून लॅटिन भाषांतर करत होता. तो म्हणाला, इब्रीत नाहीत ती वेगळी ठेवा. आफ्रिकेतला धर्मगुरू ऑगस्टीन म्हणाला, मंडळी वाचते ती राहू द्या. हिप्पो आणि कार्थेजच्या सभा ऑगस्टीनच्या बाजूने गेल्या, आणि हा वाद पुढची हजारेक वर्षं राखेखालच्या निखाऱ्यासारखा राहिला. गंमत म्हणजे त्या अथनासियसच्या यादीत एस्तेरच नाही आणि बारूख आहे. म्हणजे तो तुझ्या बाजूचाही नाही आणि सासूच्याही.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने १५३४च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं काढली नाहीत. दोन करारांच्या मधे वेगळी ठेवली, शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला उपयोगी, असा मथळा देऊन. त्यावर ८ एप्रिल १५४६ रोजी त्रेंतच्या परिषदेने कॅथलिकांसाठी यादी पक्की केली, सातही सकट. १६११च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरातसुद्धा ही पुस्तकं मधल्या भागात होती.

मग आमच्या घरातून गेली कधी? याचं उत्तर शास्त्रातलं कमी आणि छापखान्याच्या हिशेबातलं जास्त. ब्रिटनची बायबल सोसायटी जगभर बायबलं छापून वाटत होती. ती मधली पुस्तकं छापायला आमचा पैसा वापरू नका, असा तिच्या स्कॉटिश वर्गणीदारांनी आग्रह धरला, बरंच भांडण झालं, आणि १८२६ साली सोसायटीने तसं ठरवलं. त्यानंतर मिशनऱ्यांच्या हातून गावोगाव गेलेली बायबलं ६६चीच. माझ्या आजीने खादीच्या फडक्यात बांधून ठेवलेलं 'पवित्र शास्त्र' त्याच घराण्यातलं. आजीला कुणी सांगितलं असतं की यात सात पुस्तकं नाहीत, तर तिने त्यालाच उपास धरायला लावला असता.

लग्नात दोन्ही बायबलं आण. कपाटाला जड होत नाहीत.

पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ : ती 'लपवलेली' शुभवर्तमानं वाचायला मिळतात का? चर्चला त्यांची भीती वाटत होती म्हणून ती दाबली, हे खरं ना?

वाचायला मिळतात. इंग्रजी भाषांतरं सर्रास विकली जातात, पन्नासेक वर्षं तरी. १९४५ साली दक्षिण इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ खत खणणाऱ्या शेतकऱ्यांना एका रांजणात कातडी बांधणीची पुस्तकं सापडली. एकूण १३ पोथ्या, भाषा कॉप्टिक (जुनी इजिप्ती). त्यांत 'थोमाचं शुभवर्तमान' होतं : येशूची ११४ वचनं, पण ना जन्म, ना क्रूस, ना पुनरुत्थान.

मला विचाराल तर त्या पोथ्यांतली माझी आवडती गोष्ट आतली नाही, पुठ्ठ्यातली आहे. कातडं ताठ राहावं म्हणून बांधणाऱ्याने आत रद्दी पपायरस चिकटवला होता, जसा आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचा थर देतो. त्या रद्दीतल्या कागदपत्रांवर तारखा निघाल्या. एका पोथीच्या पुठ्ठ्यात सगळ्यांत अलीकडची ३४८ सालची. म्हणजे बांधणी त्यानंतरची. अथनासियसचं पत्र ३६७चं. ते पत्र आल्यावर जवळच्या मठातल्या कुणीतरी ही पुस्तकं न जाळता पुरून ठेवली, असा तर्क काही अभ्यासक करतात. तर्कच आहे तो, पण पुस्तकाला काडी लावायला हात न धजावलेला माणूस मला ओळखीचा वाटतो.

'दाबली' हा शब्द मात्र सरसकट वापरू नका. काहींवर बंदी आली हे खरं. बरीचशी नकला करणारंच कुणी न उरल्याने गेली. आणि काही बाहेर राहूनही मजेत जगली. मरियेच्या आईवडिलांची नावं आन्ना आणि योआकिम, ही ६६त नाहीत आणि ७३तही नाहीत. ती दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर खपणाऱ्या एका पुस्तकातली. ते पुस्तक यादीबाहेर राहिलं, पण गोव्यात तळावलीला जाऊन बघा. १६९५ साली पुरं झालेलं सांतानाचं भव्य चर्च त्याच आन्नाबाईच्या नावाने उभं आहे. जुलैअखेर तिथे तवशांचं फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी तिला काकड्या वाहतात. म्हातारपणी लेक झालेली आई ती, नवस तिलाच बोलणार! भीतीने दाबलेल्या पुस्तकाचं इतकं कोडकौतुक होत नसतं.

सांगलीहून एक शिक्षक : मराठीत बायबल पहिल्यांदा कधी आलं?

थोडक्यात सांगते, कारण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं आणि १८११ साली नवा करार. म्हणजे मराठीतही ते सुटंसुटंच आलं, आधी एक शुभवर्तमान, मग बाकीचं. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री-ग्रीकवरून केलेलं भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच जुळवून छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं.

श्रीरामपूरहून एक आजोबा : आमच्याकडे वडिलांचं मराठी बायबल आहे. उत्पत्तीची पहिली काही पानं आणि प्रकटीकरणाचा शेवट गेलाय. दुरुस्त होईल का? नातवाने सेलोटेप लावून ठेवलाय.

आजोबा, सेलोटेप आजच काढायला बसू नका, अक्षरं निघून येतील. नव्याने मात्र लावू नका आणि नातवालाही रागावू नका, माझ्या साहेबांनीसुद्धा लावलेला आहे.

पहिली आणि शेवटची पानं सगळ्यांचीच जातात. रोमला व्हॅटिकनमध्ये चौथ्या शतकातलं जे प्रसिद्ध ग्रीक बायबल आहे, त्याचा उत्पत्ती ४६व्या अध्यायात सुरू होतो आणि शेवट इब्री लोकांसच्या नवव्या अध्यायात तुटतो. पुढची पानं पंधराव्या शतकात कुणीतरी नव्या हस्ताक्षरात जोडली. सीनाय डोंगराच्या पायथ्याच्या मठात मिळालेल्या त्याच काळातल्या प्रतीत प्रकटीकरणानंतर आणखी दोन पुस्तकं होती, 'बर्णबाचं पत्र' आणि तो 'मेंढपाळ'. 'मेंढपाळ' अगदी टोकाला, म्हणून त्याचाच बराच भाग गेला. आधार सुटला की झीज कडेपासून सुरू होते.

तुम्ही असं करा. बायबल उभं ठेवू नका, आडवं ठेवा. ज्या पानांना टेप नाही आणि नुसती चीर गेलीय, तिथे मैद्याची पातळ खळ करा, चमचाभर मैद्याला सात-आठ चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत. गाळून थंड करा. जपानी टिश्यूची पट्टी हाताने फाडून घ्या, कात्रीने कापू नका, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. खळ पट्टीला लावा, पानाला नाही. वर-खाली ब्लॉटिंग पेपर ठेवून रात्रभर वजन ठेवा. गेलेली पानं दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून शेवटी जोडता येतील, पण साल आणि 'नंतर जोडलेली' असं पेन्सिलीने बारीक लिहा. आणि मुखपृष्ठाच्या आत वडिलांनी लग्नाच्या, जन्माच्या तारखा लिहिल्या असतील तर नवा पुठ्ठा चढवताना तो कागद बाइंडरला फेकू देऊ नका. हे आधीच बजावून सांगा, कारण आम्ही फेकतो.